तारेची लांबी आणि दोन शहरांमधलं अंतर

दोन शहरांनी संशोधन-सहकार्याचा करार केल्याची बातमी अधूनमधून कुठून ना कुठून येतेच. बातमीमागचा समज असा, की आता शोधनिबंध घरबसल्या मिळतात, बैठका पडद्यावर होतात, तेव्हा अंतराचा प्रश्न मिटला. तो मिटलेला नाही. का, ते एका लेसरवरून फार छान कळतं.

1970 च्या सुमारास कॅनडातल्या एका संरक्षण प्रयोगशाळेने टीईए लेसर, म्हणजे वायूत वीज सोडून चालणारा एक लेसर, जाहीर केला. ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळा तसाच लेसर बनवू लागल्या आणि हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. 1974 मध्ये त्याने मांडलेला निष्कर्ष थक्क करणारा होता. नुसतं छापील माहितीवर विसंबून एकालाही लेसर चालू करता आला नव्हता. ज्यांना जमलं, त्या प्रत्येकाची हा लेसर आधी चालवलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष ओळख होती.

असं काय होतं जे कागदावर येत नव्हतं? एक उदाहरण कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, तारेचं. सर्किटच्या आकृतीत तार म्हणजे नुसती रेघ, तिच्या लांबीला अर्थ नाही. या लेसरमध्ये मात्र वायू वातावरणाइतक्या दाबाखाली असतो, आणि एवढ्या दाबाला वीज सर्वत्र सारखी पसरलेली फार काळ राहत नाही. क्षणार्धात ती गोळा होऊन एकच ठिणगी पडते आणि लेसर मिळत नाही. म्हणून सगळी ऊर्जा त्याआधीच वायूत ओतावी लागते. तार जितकी लांब तितका तिचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, जास्त, आणि इंडक्टन्स जितका जास्त तितका विद्युतप्रवाह सावकाश वाढतो. त्यामुळे तार आखूडच हवी. गंमत म्हणजे ज्यांचा लेसर चालत होता त्यांनाही हे सांगण्यासारखं आहे, असं नेहमीच वाटत नसे. ते पाहुण्याला यंत्र बघूनच उमगायचं.

असं ज्ञान माणसाबरोबर प्रवास करतं. म्हणूनच दोन शहरांतला धागा बहुतेक वेळा कुणीतरी नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेल्यावर विणला जातो. अजय अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पेटंटच्या नोंदींवरून दाखवलं, की शहर सोडून गेलेल्या संशोधकाच्या नव्या पेटंटचा आधार जुन्या शहरातले लोक अपेक्षेपेक्षा जास्त वेळा घेतात. पुढे जुना सहकारी आणि नवा सहकारी या मधल्या माणसामुळे एकमेकांना भेटतात आणि त्रिकोण पूर्ण होतो. असे त्रिकोण साठत गेले की जाळं तयार होतं. त्यातही नवा येणारा, ज्याचे धागे आधीच जास्त त्याच्याशीच जोडला जाण्याची शक्यता अधिक. एखाद्याचे धागे 'क' असतील तर नवा धागा मिळण्याची शक्यता 'क'च्या प्रमाणात, या एवढ्या नियमातूनही मोजक्या शहरांकडे बहुतेक धागे जातात. डेरेक प्राइस यांनी 1976 मध्ये शोधनिबंधांच्या उल्लेखांसाठी हेच गणित मांडलं होतं. अमुक शहराच्या मातीतच संशोधन आहे, असं जे मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं, त्यात मातीचा काही संबंध नाही. आधी मिळालेली आघाडी साचत गेलेली असते.

मग संगणकजाळ्याने काहीच बदललं नाही का? बदललं, पण अपेक्षेपेक्षा वेगळं. 1981 मध्ये सुरू झालेल्या बिटनेट या संगणकजाळ्याने अमेरिकी विद्यापीठं जोडली. अभियांत्रिकीच्या संशोधनात त्याचा विशेष फायदा झाला तो मधल्या फळीतल्या विद्यापीठांना, त्यातही नामांकित विद्यापीठांच्या परिसरात असलेल्यांना. माझ्या मते कारण सरळ आहे: ओळख आधीच होती, तिला वेग मिळाला.

याची दुसरी बाजू विमानभाड्याने दाखवली. अमेरिकेत दोन ठिकाणांमध्ये नवी स्वस्त विमानसेवा सुरू झाली की तिथल्या रसायनशास्त्रज्ञांचं एकत्र संशोधन वाढलं, अभ्यासाच्या पद्धतीनुसार 30 ते 110 टक्क्यांनी. आणि जास्त लाभ झाला तो दुबळ्या संस्थांत अडकलेल्या उत्तम शास्त्रज्ञांना. करारांच्या समारंभावर होणारा खर्च अशा माणसांच्या तिकिटांवर झाला पाहिजे, आणि तिकडच्या प्रयोगशाळेत त्यांना महिनाभर राहू दिलं पाहिजे.