कर घटवला की वाढ होते? उत्तर सीमेवर शोधावं लागतं

अमेरिकेतलं कॅन्सस सिटी हे महानगर दोन राज्यांत विभागलेलं आहे. मधून जाणाऱ्या एका रस्त्याचं नावच स्टेट लाइन रोड. रस्त्याच्या एका बाजूला मिझुरी राज्याचे कर लागतात, दुसऱ्या बाजूला कॅन्ससचे. 2011 साली एएमसी या चित्रपटगृहांच्या कंपनीने आपलं मुख्यालय मिझुरीतून कॅन्ससच्या बाजूला नेण्याचं जाहीर केलं, कारण कॅन्ससने घसघशीत सवलत देऊ केली होती. त्याच वर्षी अ‍ॅपलबीज या रेस्टॉरंट साखळीचं मुख्यालय उलट दिशेने, कॅन्ससमधून मिझुरीत गेलं. तिथेही सवलत होतीच. असल्या स्थलांतरात कर्मचारी बहुतेक तेच राहतात, त्यांची घरंही तीच. रोज सकाळी गाडी डावीकडे वळायची ती आता उजवीकडे वळते, एवढंच. दोन्ही राज्यांना मात्र आपापल्या बाजूला आलेल्या नोकऱ्या ‘नवे रोजगार’ म्हणून मिरवता येतात.

राज्याने किंवा शहराने कर कमी ठेवले तर अर्थव्यवस्था वाढते की नाही, हा वाद जुना आहे. दोन्ही बाजूंकडे आकडे असतात, आणि गंमत म्हणजे ते बहुधा खरेही असतात. घोळ असतो तो तुलनेत.

टेक्ससमध्ये वैयक्तिक प्राप्तिकर नाही. कॅलिफोर्नियात त्याचा वरचा दर 13.3 टक्के. टेक्ससची लोकसंख्या भराभर वाढते आहे. म्हणजे झालं सिद्ध? टेक्ससकडे तेल आहे, मोकळी जमीन आहे, घरं बांधायला परवानग्या सहज मिळतात आणि म्हणून घरं स्वस्त आहेत. शिवाय प्राप्तिकर नसला तरी तिथला मालमत्ता कर चांगलाच जड आहे. उलट सिलिकॉन व्हॅली उभी राहिली ती जास्त कर घेणाऱ्या कॅलिफोर्नियात. एकेक उदाहरण उचलून वाद घालायचा तर तो कधीच संपणार नाही.

याहून अवघड अडचण दुसरीच आहे. कराचे दर आपोआप बदलत नाहीत, ते कोणीतरी बदलतं, आणि बदलण्याची वेळही तोच निवडतो. तिजोरी भरलेली असली की सरकारला कर कमी करायचा मोह होतो. तिजोरी भरलेली असते कारण वाढ आधीच चालू असते. मग पुढच्या वर्षीची वाढ करकपातीच्या नावावर जमा होते. मंदीत कर वाढवले तर नेमकं उलट, मंदीचं खापर कराच्या डोक्यावर. कोण कोणामुळे घडलं हे नुसत्या आलेखावरून सांगता येत नाही.

औषधाची चाचणी घेताना रुग्णांचे दोन गट करतात आणि कोणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. राज्यांच्या बाबतीत असं करायला कोण तयार होणार? म्हणून अर्थशास्त्रज्ञ सीमेकडे वळले. सीमेला लागून असलेल्या दोन जिल्ह्यांत हवामान सारखं, रस्ते तेच, बाजारपेठ तीच, कामगारही बहुतेक एकाच वर्तुळातले. वेगळा असतो तो राजधानीतून येणारा कायदा. तेव्हा एका बाजूचा दर बदलल्यावर दोन्ही बाजूंत फरक पडला, तर तो बऱ्याच अंशी त्या दराचा मानता येतो.

थॉमस होम्स यांनी 1998 मध्ये अशा सीमांवर कारखानदारी मोजली. उद्योगस्नेही समजल्या जाणाऱ्या राज्याच्या बाजूला पाऊल टाकलं की एकूण रोजगारातला कारखान्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला दिसला. पण हा परिणाम कायद्यांच्या संपूर्ण गाठोड्याचा होता. त्यात कामगार संघटनांविषयीचे नियम होते, इतर धोरणंही होती. करांचा वाटा किती, हे त्यातून निघत नाही.

कराचा धागा वेगळा काढला तो अलेक्झांडर ल्युंगक्विस्ट आणि मायकल स्मोल्यान्स्की यांनी. 1970 ते 2010 या काळात अमेरिकी राज्यांनी कंपनीकराच्या दरात केलेले बदल घेऊन त्यांनी सीमेवरचे शेजारी जिल्हे तपासले. कर वाढवला तिथे रोजगार आणि उत्पन्न दोन्ही लक्षणीय घटलं. म्हणजे कर कमी केल्यावर तेवढंच वाढायला हवं? तसं दिसलं नाही. कपातीचा परिणाम जवळजवळ नव्हताच, अपवाद फक्त मंदीच्या काळात केलेल्या कपातींचा. मला या सगळ्या साहित्यात हा असमतोल सर्वात बोलका वाटतो, कारण तो दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. कर कितीही वाढवा, कोणी जात नाही, असं म्हणणारे इथे अडकतात. कर घटवा, सगळे धावत येतील, म्हणणारेही अडकतात.

कॅन्ससला हे फार महागात पडून कळलं. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी 2012 मध्ये मोठ्या करकपातीवर सही केली आणि तिला खऱ्याखुऱ्या जगातला प्रयोग म्हटलं. प्राप्तिकराचा वरचा दर 6.45 टक्क्यांवरून 4.9 वर आला. खरी मेख होती ती दुसऱ्या तरतुदीत. ज्या छोट्या-मोठ्या व्यवसायांचा नफा थेट मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो, त्या नफ्यावरचा राज्याचा प्राप्तिकर शून्य करण्यात आला. कल्पना अशी, की वाचलेल्या पैशातून मालक नवी माणसं नेमतील.

प्रत्यक्षात काय झालं ते समजायला एक टेबल पुरेसं आहे. एक सल्लागार एखाद्या कंपनीत पगारावर काम करतो. पगारावर कर आहे. तो स्वतःच्या नावाने एक छोटी फर्म काढतो आणि त्याच कंपनीला, त्याच टेबलावर बसून, तेच काम करून बिल पाठवतो. आता तो व्यवसायाचा नफा झाला, म्हणून कर शून्य. राज्याच्या नोंदीत एक व्यवसाय वाढला. अर्थव्यवस्थेत काहीही वाढलं नाही. करविवरणांचा अभ्यास केलेल्या संशोधकांना पुढे हेच आढळलं: प्रतिसाद मुख्यतः उत्पन्नाचं नाव बदलण्याचा होता, खऱ्या व्यवसायवाढीचा नव्हे.

पहिल्या पूर्ण वर्षात महसुलाला सुमारे 70 कोटी डॉलरचा खड्डा पडला. रस्त्यांच्या निधीतून पैसे वळवले गेले, राज्याचं पतमानांकन घसरलं, 2015 मध्ये विक्रीकर वाढवावा लागला. विक्रीकर गरिबाला जास्त बोचतो हे वेगळं सांगायला नको. शेवटी 2017 मध्ये ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार मोडून कपात मागे घेतली. समर्थकांचं एक म्हणणं मात्र ऐकायला हवं: त्या वर्षांत शेतमालाचे आणि तेलाचे भावही पडले होते. खरं आहे. पण ते धरूनही नव्या व्यवसायांचा अपेक्षित पूर काही सापडत नाही.

मग करकपात स्वतःचा खर्च स्वतः भरून काढते, असं काही लोक एवढ्या खात्रीने कसं म्हणतात? इथे थोडं गणित करू. टिमथी बार्टिक यांनी 1991 पर्यंतचे कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले. दूरदूरच्या महानगरांमध्ये किंवा राज्यांमध्ये तुलना केली, तर कर 10 टक्क्यांनी कमी केल्यावर (म्हणजे 6 चा 5.4 केल्यावर) दीर्घकाळात व्यवसाय साधारण 1 ते 6 टक्क्यांनी वाढतो. मधला 3 धरू. तिजोरीत आधी 100 येत होते. आता दर पूर्वीच्या 90 टक्के, उलाढाल पूर्वीच्या 103 टक्के, म्हणून 92.7 येतील. तोटा थोडा भरून निघाला, बाकीचा राहिला.

पण एकाच महानगरातल्या शेजारी उपनगरांची तुलना केली, की तोच प्रतिसाद 10 ते 30 टक्क्यांवर जातो. मधला 20 धरा: 90 टक्के दर, 120 टक्के उलाढाल, तिजोरीत 108. कर कमी केला आणि महसूल वाढला! जादू नाही, अंतर कमी आहे. कार्यालय शेजारच्या उपनगरात नेलं तर कामगार बदलत नाहीत, गिऱ्हाईक बदलत नाही, बदलतो फक्त कर. आणि इथे वाढलेलं शेजाऱ्याकडून वजा झालेलं असतं. एकाच करकपातीवर एक महापौर आणि एक राज्याचा अर्थमंत्री भांडत असतील, तर दोघेही आपापल्या नकाशापुरते बरोबर असू शकतात.

जर्मनीत हे उघड्यावर दिसतं. तिथे व्यवसायकराचा एक पायाभूत दर देशभर सारखा, 3.5 टक्के, आणि प्रत्येक नगरपालिका त्याला स्वतःचा गुणक लावते. डुसेलडॉर्फ आणि कोलोन यांच्या मधल्या मोनहाइम या गावाने 2012 मध्ये गुणक 435 टक्क्यांवरून 300 वर आणला, पुढे 250 पर्यंत. म्हणजे प्रत्यक्ष कर सुमारे 15.2 टक्क्यांवरून 8.75 वर. कंपन्या आल्या, गावाचा महसूल कित्येक पटींनी वाढला आणि आजूबाजूची शहरं चिडली. त्याही आधीची गोष्ट नॉर्डरफ्रीडरिक्सकूग या चिमुकल्या खेड्याची. उत्तर समुद्राला बांध घालून मिळवलेल्या जमिनीवरचं हे गाव, वस्ती जेमतेम काही कुटुंबांची, आणि गुणक शून्य. शेतघरांच्या खोल्यांत शेकडो कंपन्यांचे पत्ते नोंदले गेले, त्यांत देशातल्या बड्या कंपन्यांच्या उपकंपन्याही होत्या. अखेर 2004 मध्ये कायद्याने किमान गुणक 200 ठरवला.

कागद सर्वात सहज हलतो, मुख्यालय त्यापेक्षा जड, कारखाना त्याहून जड, आणि सगळ्यांची मिळून बेरीज मोठी होणं तर फारच अवघड. झेवियर जिरू आणि जोशुआ राउ यांनी अनेक राज्यांत शाखा असलेल्या अमेरिकी कंपन्या पाहिल्या, तेव्हा राज्याच्या कराला मिळणाऱ्या प्रतिसादाचा जवळपास अर्धा भाग हा त्याच कंपनीने दुसऱ्या राज्यातल्या शाखेकडे काम सरकवल्याचा निघाला. उरलेला अर्धा तसा नव्हता, हेही लक्षात असू द्या.

बार्टिकच्या आकड्यांना एक अट चिकटलेली आहे आणि ती भाषणांत हमखास गळते. ते आकडे सार्वजनिक सेवा होत्या तशाच राहतील असं धरून काढलेले आहेत. अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या राज्यांना अंदाजपत्रक जुळवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यांना नोटाही छापता येत नाहीत. कर घटला की खर्चाला कात्री लागतेच. अर्थशास्त्रज्ञ एल. जे हेल्म्स यांनी 1985 मध्ये नेमकं हेच तपासलं. करातून आलेला पैसा नुसता थेट मदतीच्या वाटपात गेला तर वाढ मंदावली. शाळा, महामार्ग, आरोग्य यांवर गेला तर कराचं नुकसान भरून निघू शकत होतं. कारखान्याच्या मालकाला कमी कर हवा असतो, तसा पक्का रस्ता आणि शिकलेला कामगारही हवा असतो.

सवलत चालल्याचंही एक ठोस उदाहरण आहे, आणि ते भारतातलं. केंद्र सरकारने 2003 मध्ये हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडात नव्या कारखान्यांना दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ केलं, शिवाय प्राप्तिकरात सूट दिली. रितम चौरे यांच्या अभ्यासात तिथला रोजगार, उत्पादन आणि कारखान्यांची संख्या खरोखर वाढलेली दिसली, आणि ते शेजारून उचलून आणल्याचा पुरावा मिळाला नाही. मागास, डोंगराळ प्रदेश, जिथे आधी उद्योग तुरळक होते. पण माफ झालेला कर केंद्राचा होता. राज्यांना आपल्या शाळा-रस्त्यांना हात लावावा लागला नाही. बिल सगळ्या देशाने भरलं.

फायदा नेमका कोणाच्या पदरात पडतो, यावरही आता बरं काम झालं आहे. जर्मन नगरपालिकांच्या हजारो दरबदलांवरून असं निघालं, की व्यवसायकर वाढला तर त्याचा जवळपास अर्धा भार शेवटी कामगारांच्या पगारातून जातो. अमेरिकी राज्यांमध्ये सुआरेझ सेराटो आणि झिदार यांचा हिशेब असा: कंपनीकर घटवल्याच्या लाभापैकी सुमारे 40 टक्के मालकांना, 30 ते 35 टक्के कामगारांना आणि उरलेला जमीनमालकांना. हे तिसरं नाव वादात कुठेच नसतं. कंपन्या आल्या, माणसं आली, भाडी चढली. जागा ज्याच्या नावावर, त्याने काही न करता वाटा घेतला.

2020 नंतर घरून काम सुरू झाल्यावर तर पत्ता आणखीच हलका झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या कंपन्यांचे बरेच कर्मचारी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये राहतात, जिथे पगारावर राज्याचा कर नाही. महामारीत ते घरी बसून काम करू लागले, तरी मॅसॅच्युसेट्स त्यांच्याकडून कर घेत राहिलं. न्यू हॅम्पशायरने थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. काम नक्की कुठे झालं म्हणायचं, कंपनीच्या इमारतीत की स्वयंपाकघरातल्या टेबलावर? जून 2021 मध्ये न्यायालयाने तो खटला ऐकायलाच नकार दिला.