"साफ केल्याने दात हलतात का?" विचारणाऱ्यांसाठी

जळगावच्या आमच्या दवाखान्यात हा प्रश्न रोज येतो, म्हणून उत्तर छापूनच ठेवलं आहे. सफाईने दात सुटत नाही. त्याच्याभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटण, म्हणजे दातावर चढलेला कडक थर, निघाल्यावर ते कळतं, एवढंच. पुष्कळदा दोन-तीन दातांना मिळून चढलेलं कीटणच त्यांना टेका देत असतं. हिरडीची सूज उतरली की दातांमधल्या फटीही उघड्या पडतात. सफाईनंतर जाणवणारं हलणं, हाड पुरेसं उरलं असेल तर, काही आठवड्यांत बरंच कमी होतं.

दाताला धरून ठेवतं ते हाड. निरोगी तोंडात दाताचं पांढरं आवरण संपतं तिथून १ ते २ मिलिमीटर खाली ते सुरू होतं. घासायच्या राहिलेल्या जागी जंतूंचा चिकट थर बसतो आणि लाळेतल्या क्षारांनी त्याचं कीटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडून ते लवकर चढतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर हाड शाबूत असतं आणि हिरडी पूर्ववत होऊ शकते.

सूज तशीच राहिली, तर अनेकांची हिरडी दातापासून सुटून खिसा तयार होतो. आम्ही खुणा केलेल्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतो. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५-६ झाली की ब्रश तळाशी पोचतच नाही. हाड जंतू खातात असं बरेच जण समजतात, पण तसं नाही. जंतूंशी लढताना शरीरात जी सूज राहते, तीच हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावते. हे बहुधा न दुखता चालतं, म्हणून "दुखत नाही, मग कशाला?" हा हिशेब इथे चुकतो.

आता आमची खरी तक्रार. पहिल्या खेपेला हिरडीच्या वरचं कीटण निघतं, आठवडाभरात रक्त थांबतं, तोंडाचा वासही जातो, आणि पेशंट पुढच्या तारखेला येत नाही. दसऱ्यानंतर कापूस वेचणी लागली किंवा रावेर-यावलकडे केळीची कापणी आली की हे हमखास. पण खोल खिशातलं कीटण मुळाला तसंच चिकटलेलं असतं. वरून हिरडी आवळून बसते आणि खालच्या पुवाला वाट राहत नाही. मग गाल सुजून यायची वेळ येते. आधी पू काढा, सूज उतरू द्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. दोन-तीन खेपांचं काम दुप्पट होतं. तेवढ्यात त्या दाताभोवतीचं हाड झपाट्याने जातं, कधी दातही काढावा लागतो. कामाचे दिवस असतील तर तसं आधी सांगा, तारखा त्याप्रमाणे लावू. मध्येच सोडू नका.

खोल सफाई भूल देऊन करतो, एका वेळी एक बाजू, साधारण तासभर. सहा ते आठ आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजतो. त्याआधी मोजून उपयोग नाही, हिरडी चिकटायला तेवढा वेळ लागतो. या मोजणीचे वेगळे पैसे घेत नाही. तरीही खोल आणि रक्ताळलेले खिसे राहिले, तर हिरडी उघडून सफाई करायची का, ते ठरवतो. सगळीकडून सारखं खचलेलं हाड परत वर येत नाही. दाताशेजारी अरुंद खड्डा असेल तर हाडाचं कलम घालून काही भरून निघतं. "नुसती गोळी लिहून द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, ते कमाईसाठी नव्हे. कीटण जागेवर असताना त्यावरच्या थरात औषध नीट शिरत नाही.

मशेरी लावणाऱ्यांसाठी: तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, आणि मावशींना वाटतं मशेरीने हिरडी घट्ट झाली. आत हाड जास्त वेगाने जात असतं.

घरी मऊ ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत टेकवून दोन मिनिटं घासा. रक्त येतं ती जागा चुकवू नका, तिथेच गरज जास्त आहे. फटींसाठी बारीक ब्रश लागतो. त्याचं माप फटीप्रमाणे बदलतं, इथे बसवून बघूनच घ्या. गुळण्यांचं क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के दिलं असेल तर १० मिली, अर्धा मिनिट, दिवसातून दोनदा; पेस्टनंतर अर्ध्या तासाने आणि दोनच आठवडे. जास्त वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, ते काढायला पुन्हा आमच्याकडेच यावं लागतं.

येताना जुना एक्स-रे आणा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (HbA1c) रिपोर्ट आणा. साखर चढलेली असली की हिरडी लवकर भरत नाही, आणि हिरडीच्या सुजेने साखरही आटोक्यात यायला त्रास होतो. उपाशी येऊ नका, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता आधी आम्हाला सांगा.