दोन हजार एकरांचा हिशेब

अमेरिकेच्या २०१७ सालच्या करकायद्याने अलास्कातल्या आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याचे किनारी मैदान तेलासाठी खुले केले. सोबत एक अट घातली: खडीचे भराव, विमानपट्ट्या, तेलवाहिनीचे खांब, सगळे मिळून २,००० एकरांहून जास्त जमीन व्यापता कामा नये. मैदान सुमारे १५.६ लाख एकरांचे आहे. म्हणजे हजार एकरांमागे सव्वा एकराच्या आसपास. तेलाच्या बाजूने बोलणारे हाच आकडा पुढे करतात आणि ऐकणाऱ्याला तो पटतो. एवढ्याशा जागेने जनावरांचे काय बिघडणार?

आकडा खरा आहे, पण माप चुकीचे आहे. तेलवाहिनीच्या फक्त खांबांखालची जमीन मोजली जाते. दोन खांबांमधून जाणारा नळ, त्याच्या बाजूच्या रस्त्यावरची वर्दळ, वरून उडणारी हेलिकॉप्टरे यांना एकर लागतच नाहीत. आणि ज्या प्राण्यावरून हा सगळा वाद पेटला, त्या कॅरिबूला, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या हरणाला, नेमका त्यांचाच त्रास होतो.

पॉर्क्युपाइन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कळपात २०१७च्या मोजणीत सुमारे २ लाख १८ हजार कॅरिबू भरले. ते हिवाळा अलास्का आणि कॅनडाच्या डोंगराळ भागात काढतात आणि वसंतात शेकडो किलोमीटर चालून या मैदानाकडे येतात. माद्या जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास वितात. जागेची निवड सहज झालेली नाही. बर्फ वितळताच इथे एका गवताला कापसासारखी बोंडे धरतात. त्यांत प्रथिने भरपूर असतात आणि पाजणाऱ्या मादीला नेमकी तेव्हाच त्यांची गरज असते. लांडगे, अस्वले आणि सोनेरी गरुड दक्षिणेच्या टेकड्यांत जास्त, मैदानावर कमी. पुढे डास उठले की कळप वाऱ्याच्या किनाऱ्याकडे सरकतो. वसंत लांबून वाटेत बर्फ राहिला, तर माद्यांना मैदानापर्यंत न पोहोचता वाटेतच विणे भाग पडते आणि त्या वर्षी पाडसे जास्त मरतात.

पश्चिमेच्या प्रूडो बे तेलक्षेत्रातल्या निरीक्षणांत असे दिसले, की पाडस जवळ असलेल्या माद्या विणीच्या दिवसांत रस्ते आणि भरावांपासून साधारण ४ किलोमीटर दूर राहतात. आता हिशेब मांडू. १० किलोमीटर लांब आणि १५ मीटर रुंद रस्ता ३७ एकर जमीन घेतो. दोन्ही बाजूंचे ४-४ किलोमीटर धरले, तर मादीच्या दृष्टीने बाद झालेली जमीन ८० चौरस किलोमीटर होते, म्हणजे जवळपास २० हजार एकर. कायद्याच्या वहीत ३७, मादीच्या वहीत २० हजार.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: प्रूडो बेजवळचा सेंट्रल आर्क्टिक कळप तेलविहिरी असतानाच वाढला. हे खरे आहे. १९७०च्या दशकात सुमारे ५ हजार असलेला हा कळप २०१०पर्यंत ७० हजारांच्या घरात गेला आणि २०१६ साली २२ हजारांच्या आसपास उतरला. अशा चढउतारात हवामान, चारा आणि शिकारी प्राणी यांचा मोठा हात असतो, म्हणून वाढीचे श्रेय तेलाला देऊ नये आणि घटीचे खापरही त्याच्यावर फोडू नये. खरा फरक भूगोलाचा आहे. प्रूडो बेला किनाऱ्यापासून डोंगरापर्यंतचे मैदान खूप रुंद आहे, त्यामुळे माद्या बाजूला सरकल्या तरी त्यांना चांगली जमीन मिळाली. अभयारण्यात हेच मैदान २५ ते ६५ किलोमीटर रुंद आहे. सरकायचे म्हटले तर पुढे समुद्र आणि मागे शिकारी प्राण्यांच्या टेकड्या. २००२ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने काढलेल्या अहवालानुसार पाडसे जगण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास घसरले तरी या कळपाची वाढ थांबू शकते.

तेलवाहिनीखाली शांतपणे उभ्या असलेल्या कॅरिबूंची छायाचित्रेही खरीच असतात. मात्र ती पाहताना ऋतू आणि जनावर विचारावे. भर उन्हाळ्यात माश्यांपासून सुटका म्हणून कॅरिबू, विशेषतः नर, खडीच्या भरावावर येतात. जूनमधली लेकुरवाळी मादी त्या चित्रात सहसा नसते.

या भागात हिवाळी कामाची रूढ पद्धत म्हणजे बर्फाचे रस्ते. जमीन ३० सेंटिमीटर खोलीवर उणे ५ अंशांपर्यंत गोठली आणि वर निदान १५ सेंटिमीटर बर्फ साचला, की टुंड्रावर, म्हणजे इथल्या झाडे नसलेल्या माळावर, वाहने सोडतात. पाणी ओतून गोठवलेला रस्ता उन्हाळ्यात वितळून जातो. कल्पना चांगली आहे, अडचण पाण्याची आहे. असा रस्ता करायला आणि टिकवायला किलोमीटरमागे सुमारे ३० लाख लिटर पाणी लागते. प्रूडो बेच्या पश्चिमेला तळी पुष्कळ आहेत, या मैदानावर थोडी. नद्या हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी तळापर्यंत गोठतात. वन्यजीव विभागाने इथल्या नद्यांची सुमारे ३८० किलोमीटर लांबीची पात्रे तपासली, तेव्हा बर्फाखाली सुमारे साडेतीन कोटी लिटर पाणी निघाले. तेवढ्यात होईल फक्त ११ किलोमीटर रस्ता, आणि मासे हिवाळा काढतात तेही त्याच डोहांत. पाणी पुरले नाही तर पर्याय खडीच्या कायमच्या रस्त्याचा. पर्माफ्रॉस्ट, म्हणजे खालची कायम गोठलेली जमीन, वितळू नये म्हणून त्याचा भराव दीड-दोन मीटर जाड घालावा लागतो.

हिवाळ्यात काम केले की कॅरिबू वाचतात, पण तेव्हा ध्रुवीय अस्वलांच्या माद्या बर्फाच्या ढिगांत गुहा करून असतात. पिल्ले डिसेंबर-जानेवारीत जन्मतात, जेमतेम अर्धा-पाऊण किलोची, आणि मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर पडत नाहीत. माहीत असलेल्या गुहेभोवती १.६ किलोमीटर काम करत नाहीत. प्रश्न माहीत नसलेल्या गुहांचा आहे. त्या विमानातून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने शोधतात. छत जाड असेल किंवा वारा सुटला असेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. एका तपासणीत ज्ञात गुहांपैकी निम्म्याहून कमी सापडल्या. आणि भूगर्भाचे त्रिमितीय चित्र घ्यायचे तर अवजड गाड्या सुमारे २०० मीटर अंतराच्या रेषांवर संपूर्ण मैदान विंचरतात.

एका जागेवरून जमिनीखाली दूरवर नेलेल्या आडव्या विहिरींनी बराच फरक पडतो, हे मान्य करायला हवे. अलास्कातल्याच अल्पाइन क्षेत्रात सुमारे १०० एकरांच्या भरावांवरून ४० हजार एकरांखालचे तेल काढण्याची योजना साधली. पण त्या भरावापर्यंत माणसे, यंत्रे आणि तेल यांची ने-आण करावीच लागते.

समोरच्या पारड्यातले तेल किती? भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १९९८च्या अंदाजात लगतची मूलनिवासींची जमीन आणि समुद्रपट्टा धरून सरासरी १०.४ अब्ज बॅरल आहे. अमेरिका दिवसाला २ कोटी बॅरल वापरते. सरकारच्याच ऊर्जा माहिती विभागाने २००८ साली मांडलेल्या मध्यम अंदाजात या तेलाने भाव बॅरलमागे सुमारे पाऊण डॉलरने उतरणार होता. पंपावरच्या ग्राहकासाठी हे फारसे काही नाही. अलास्का राज्यासाठी मात्र आहे: १९८८ साली दिवसाला २० लाख बॅरल वाहणाऱ्या तिथल्या तेलवाहिनीत आता ५ लाखांहून कमी वाहते. प्रवाह मंदावला की तेल वाटेत थंड होते, मेण साचते, पाण्याचा बर्फ होतो. मैदानावरच्या काक्टोविक गावातल्या अनेक इनुपियाट लोकांना तेलाच्या पैशातून शाळा आणि दवाखाने हवे आहेत. दक्षिणेकडच्या ग्विचिन लोकांचे अन्न आणि श्रद्धा कॅरिबूवर उभी आहे. दोघेही तिथलेच. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्या बाजूच्या भाषणातले प्यादे करू नये.

संसदेत हा प्रश्न १९८०पासून लोंबकळत आहे. मार्च १९८९मध्ये सिनेटच्या समितीने तेलाला होकार दिला आणि थोड्याच दिवसांत एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ फुटले. १९९५ साली क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. २००५ साली सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला जाण्यासाठी ६० मते हवी होती, ५६ मिळाली. २०१७ साली साध्या बहुमताच्या वाटेने, करकायद्यात बसवून, परवानगी निघाली. जमिनीच्या भाडेपट्ट्यांच्या दोन लिलावांतून सरकारी तिजोरीत ११० कोटी डॉलर येतील असा अंदाज होता. जानेवारी २०२१च्या लिलावात १.४४ कोटी आले, तेही बहुतांशी अलास्काच्या सरकारी मंडळाकडून. जानेवारी २०२५च्या लिलावात एकही बोली आली नाही. तरी त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने १० वर्षांत किमान चार लिलाव बंधनकारक केले आहेत.

या लिलावांचे कागद निघतील तेव्हा २,००० एकरांची अट मागे ठेवून आधी चार गोष्टी शोधाव्यात. विणीचा गाभा भाडेपट्ट्यातून वगळला आहे का. साधारण २० मेपासून जूनअखेरपर्यंत रस्त्यांवरची वाहतूक थांबते का. तेलवाहिनी जमिनीपासून निदान २.१ मीटर उंच आणि रस्त्यापासून १५० मीटर दूर आहे का. आणि रस्त्यांच्या प्रत्येक किलोमीटरचे पाणी कुठल्या तळ्यातून येणार, हे पट्टा देण्यापूर्वी मोजले आहे का.