तिरप्या रेघा आणि चुंबकाचा धक्का

विमानवाहू नौकेवर उतरताना लढाऊ विमानाची चाकं डेकला टेकतात, त्याच क्षणी वैमानिक इंजिनाचा जोर पूर्ण वाढवतो. ऐकायला उलटंच वाटतं. पण शेपटीखालचा हुक डेकवरच्या पोलादी दोरांपैकी एकातही अडकला नाही, तर पुन्हा झेप घ्यायला त्याच्या हाती दोन-तीन सेकंदच असतात. दोर सापडला, की ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे असलेला वेग शंभरेक मीटरांत शून्यावर येतो.

दोर आडवे बांधायची युक्ती जुनी आहे. १८ जानेवारी १९११ रोजी यूजीन इली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर उतरला, तेव्हा दोरांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. आज बहुतेक नौकांवर वाळूची जागा डेकखालच्या हायड्रॉलिक यंत्रणेने घेतली आहे. धावतं विमान दोराने पकडायचं आणि त्याची ऊर्जा दुसऱ्या कशात तरी जिरवायची, हे तत्त्व मात्र तेच.

जेट विमानं आली आणि गणित बिघडलं. तेव्हा डेक सरळ असे आणि पुढच्या भागात इतर विमानं उभी असत. हुक चुकला, तर समोरच्या जाळीवर आदळण्यावाचून गत्यंतर नसे. यावर १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या डेनिस कॅम्बेल यांनी उपाय सुचवला: उतरण्याची पट्टी थोडी तिरपी करा, म्हणजे चुकलेल्या विमानासमोर मोकळा समुद्र राहील. १९५२ मध्ये ‘ट्रायम्फ’ नौकेवर नुसत्या तिरप्या रेघा रंगवून चाचण्या झाल्या. मला तर या नौकांच्या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत मोठा शोध वाटतो. त्यात नवं यंत्र काहीच नव्हतं, बदलली होती ती दिशा. चाकं टेकताच जोर वाढवण्याची पद्धतही त्यामुळेच शक्य झाली.

आखूड डेकवरून उड्डाणाचा प्रश्न असा रंगाने सुटणारा नव्हता. ब्रिटिश अभियंते कॉलिन मिचेल यांच्या वाफेच्या कॅटापल्टने, म्हणजे विमानाला डेकवरून जोराने पुढे फेकणाऱ्या यंत्राने, तो सोडवला. नव्वदेक मीटरांच्या धावेत विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पोहोचतं. मात्र विमानाच्या वजनानुसार वाफेचं प्रमाण आधीच ठरवावं लागतं. एकदा वाफ सोडली, की मध्येच हात आखडता घेता येत नाही. सुरुवातीचा हिसका जबर असतो आणि तो विमानाच्या सांगाड्याला सोसावा लागतो.

अमेरिकेच्या ‘जेराल्ड फोर्ड’ नौकेवर म्हणूनच विद्युतचुंबकीय कॅटापल्ट आला. रुळालगतच्या तारांच्या वेटोळ्यांतून एकामागून एक वीजप्रवाह सोडला, की चुंबकीय क्षेत्र पुढे सरकत जातं आणि विमानाला ओढणारा गाडा त्याच्यामागे धावतो. लागणारी ऊर्जा आधी फिरत्या जड चक्रांत साठवतात आणि दोन-तीन सेकंदांत मोकळी करतात. वेग सतत मोजला जातो, त्यामुळे जोर धावेच्या मध्येही कमीजास्त करता येतो. हलक्या ड्रोनला हळुवार आणि जड विमानाला दांडगा धक्का एकाच यंत्रातून मिळतो. नवा कॅटापल्ट, दोर थांबवणारी नवी यंत्रणा, शस्त्रं वर आणणारे नवे उद्वाहक, हे सारं एकाच नौकेवर एकदम बसवण्याचा हट्ट मला पटत नाही. एकाचं रखडणं सगळ्यांना भोवतं. पण वाफ सोडून विजेकडे वळणं योग्यच होतं.

डेकवरचे रिवाज मात्र कोणी मोडीत काढलेले नाहीत, आणि काढूही नयेत. इंजिनांच्या गर्जनेत शब्द ऐकू येत नाही, म्हणून सदऱ्याचा रंगच माणसाचं काम सांगतो: अमेरिकी नौदलात जांभळा इंधनवाल्यांचा, लाल शस्त्रांवाल्यांचा, पिवळा विमानांना वाट दाखवणाऱ्यांचा. उड्डाणांआधी खलाशी खांद्याला खांदा लावून डेकभर चालत एकेक खिळा-तुकडा वेचतात, कारण जेट इंजिनात गेलेला छोटासा बोल्टही त्याची पाती उद्ध्वस्त करू शकतो. आणि सारी तयारी झाली, की वैमानिक कॅटापल्ट अधिकाऱ्याला सलाम करतो. तो शिष्टाचार आहेच, शिवाय ‘मी तयार आहे, सोडा’ हा निरोपही आहे. रात्री हात दिसत नाही, तेव्हा तो विमानाचे बाहेरचे दिवे लावतो.