चढाला मिसिंग आणि प्लग होलमधलं तेल

गोव्याहून बेळगावला परतताना चोर्ला घाट लागला की कित्येक जुन्या पेट्रोल गाड्या एकाच तऱ्हेने कुरकुरतात. सपाटीला गाडी सुरळीत चाललेली असते. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबला की मात्र धक्के बसायला लागतात, पिकअप पडतो. गॅरेजच्या भाषेत यालाच मिसिंग म्हणतात. निपाणीजवळच्या तवंदी घाटात उसाच्या ट्रॉलीमागे रखडून मग ओव्हरटेक मारतानाही हाच अनुभव येतो. गॅरेजवाला स्पार्क प्लगवरची कॅप उपटतो तर ती तेलाने माखलेली, आणि खाली प्लग होलमध्ये काळं तेल साचलेलं. मग मालकाच्या कानावर पडतं, ‘प्लगात तेल आलंय बघा, इंजिन खोलाय लागतंय.’

एवढं ऐकून चांगली गाडी मिळेल त्या भावात विकून टाकणारे लोक आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक वेळा इंजिन आतून ठणठणीत असतं. निकामी झालेलं असतं ते टॅपेट कव्हरखालचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखालचं, रबराचं सील.

आधी घाटाचं कोडं सोडवू. प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते आणि ठिणगीला ती ओलांडायची असते. उघड्या हवेत एवढ्या फटीसाठी ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबून बसवलेलं असतं. वायूचा दाब वाढला की ठिणगीला लागणारं व्होल्टेजही वाढतं, हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. सपाटीला ॲक्सिलेटर थोडाच दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जातं, दाब कमी राहतो आणि कमी व्होल्टेजवर भागतं. घाटात पाय खाली गेला की सिलिंडर पुरता भरतो आणि ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या कॉइलला पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत चढावं लागतं. त्या वेळी प्लगच्या बाहेरच्या बाजूने दुसरी एखादी सोपी वाट मिळाली, तर वीज तिकडून निसटते. आतल्या फटीत ठिणगी पडतच नाही आणि तो सिलिंडर त्या फेरीला काहीच काम करत नाही.

ही सोपी वाट तेल तयार करतं, पण आपल्याला वाटतं तसं नाही. शुद्ध तेलातून वीज वाहत नाही. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मुद्दाम तेलच भरलेलं असतं. प्लग होलमधल्या तेलाची खोड वेगळी आहे. प्लगवर घट्ट बसणारी रबरी कॅप तेल पिऊन फुगते, मऊ पडते आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरची पकड सोडते. मधल्या फटीत तेल, धूळ आणि काजळी यांचा चिखल बसतो. खानापूर भागातल्या तांबड्या धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत तो लवकर जमतो. व्होल्टेज चढलं की वरच्या टोकापासून खालच्या लोखंडी षटकोनापर्यंत चिनी मातीच्या अंगावरून ठिणगी सरकते आणि जाताना कोळशाची बारीक काळी रेघ ओढून जाते. कोळसा वीज वाहतो, त्यामुळे पुढची ठिणगी तीच वाट धरते. अशी रेघ पडलेला प्लग कितीही पुसला तरी भरवशाचा राहत नाही. तो आणि त्याची कॅप, दोन्ही बदलावेत.

आता तेल तिथे येतं कुठून? जुन्या मारुती ८०० मध्ये प्लग हेडच्या, म्हणजे सिलिंडरांच्या वर बसणाऱ्या भागाच्या, बाजूला उघड्यावर असतात, त्यामुळे हा त्रास तिथे सहसा दिसत नाही. १९९८ मध्ये आपल्याकडे आलेल्या होंडा सिटीसारख्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनांत प्लग सिलिंडरच्या माथ्यावर मधोमध असतो. म्हणजे प्लगपर्यंत पोचायचं तर कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, कप्प्यातून जावं लागतं, आणि तिथे तर तेल सतत उडत असतं. म्हणून प्लगभोवती एक उभी नळी असते. तिच्या वरच्या तोंडाशी, टॅपेट कव्हर जिथे टेकतं तिथे, एक रबरी सील असतं. काही इंजिनांत नळीच्या बुडाशीही ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, असते. यातलं एक जरी गेलं तरी तेल नळीत उतरतं.

रबर जातं कशाने, ही गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकासोबत रबर तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. गंधकाचे पूल रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात, म्हणून दाबलेलं रबर पुन्हा उसळून येतं. पण इंजिनात ही बांधाबांध थांबत नाही. शंभर अंशांच्या आसपासची उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून नवनवे पूल घालत राहतात, आणि रबरात मिसळलेले मऊपणा राखणारे पदार्थ गरम तेलात विरघळून निघून जातात. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे एकदा ओव्हरहीट झालेल्या गाडीचं सील लवकर म्हातारं होतं. प्रेशर कुकरची रिंग काही वर्षांनी कडक होऊन वाफ सोडू लागते, तसंच हे. जुनं सील काढून हातात घ्या. गोल कडेला जिथे ते दाबून बसलेलं होतं तिथे सपाट पट्टा दिसतो आणि नख रुतत नाही. दुमडलं तर कट्‌कन तुटतं.

इंजिन खोलायचा निर्णय घेण्याआधी एक गोष्ट बघाच. प्लग काढल्यावर तेल त्याच्या कोणत्या टोकाला आहे? वरची चिनी माती, षटकोन आणि आट्यांचा वरचा भाग ओला, पण ठिणगीचं टोक कोरडं आणि तपकिरी असेल, तर तेल बाहेरून आलेलं आहे आणि काम सीलचं आहे. ठिणगीचं टोकच काळं, तेलकट असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर तेल सिलिंडरच्या आत जळतंय. तिथे पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तपासायला लागतात, कॉम्प्रेशन मोजायला लागतं. दोन आजारांच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्लग स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणालाही इंजिन उतरवू देऊ नका.

सीलचं काम नेटकं करणाऱ्याला अर्धा दिवस पुरतो. इंजिन पूर्ण थंड हवं. साचलेलं तेल आधी सिरिंजला बारीक नळी लावून ओढून घ्यायचं, उरलेलं कापडाने टिपायचं आणि मगच प्लग फिरवायचा, नाहीतर ते धुळीसकट सिलिंडरमध्ये उतरतं. टॅपेट कव्हर चिकटलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. ॲल्युमिनियमला खाच पडली की तिथूनच नवी गळती सुरू होते. रबरी किंवा लाकडी हातोड्याने कडेला हलके ठोकले की ते सुटतं. कव्हरच्या कडेखालच्या जुन्या पॅकिंगचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत. पॉलिश पेपर वापरला तर त्याची वाळू थेट कॅमशाफ्टवर जाते.

सिलिकॉनच्या ट्यूबबद्दल माझं मत ठाम आहे. पुष्कळ ठिकाणी नवीन पॅकिंगवर वरून गोलभर सिलिकॉन फासतात. रबरी पॅकिंगला त्याची गरज नसते. कव्हर आवळल्यावर जास्तीचं सिलिकॉन आत पिळून येतं, वाळून सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवर, जिथे दोन भागांचा सांधा येतो, तिथे हरभऱ्याएवढं पुरे.

आवळतानाही हात आखडता हवा. कव्हरच्या बारीक बोल्टना बहुधा दहा न्यूटन-मीटरच्या आसपास बळ लागतं, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर. मधून बाहेर अशा क्रमाने दोन फेऱ्यांत आवळावं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. रबर चेचतं आणि हेडमधल्या आट्या जातात.

बेळगावात एक सोय अशी आहे की उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची कामं चालतात, त्यामुळे हव्या त्या मापाची ओ-रिंग हाताशी मिळते. पण हायड्रॉलिकसाठीची साधी रिंग बहुतेक नायट्राइल रबराची असते. ती तेलाला टिकते, हेडच्या उष्णतेला मात्र काही वर्षांतच कडक होते. दुकानदाराला व्हायटॉन या जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराची रिंग मागा. ती दोनशे अंशांपर्यंत टिकते आणि थोडेच पैसे जास्त पडतात. आतल्या व्यासाइतकीच तिची जाडीही जुळायला हवी, म्हणून जुनी रिंग सोबत न्या. जिथे मुळात ओठ असलेलं सील आहे तिथे मात्र ओ-रिंग चालत नाही, तिथे कंपनीचंच सील हवं.

आणि नवीन सील टाकूनही तीन-चार महिन्यांत होल पुन्हा ओलं झालं, तर दोष बहुधा सीलचा नाही. पिस्टन रिंगांच्या कडेने जळालेला थोडा वायू नेहमीच खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो. तो पुन्हा इनटेककडे ओढून नेण्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह आणि रबरी पाइप असतो, गॅरेजमध्ये त्याला पीसीव्ही म्हणतात. तो काजळीने तुंबला की चेंबरमध्ये दाब साचतो आणि जो सांधा कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर बहुतेक गाड्यांत आत टकटक आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर तो बदलावा, आणि पाइप चिरलेला किंवा आतून गाळाने भरलेला नाही ना, हेही बघावं. सीलचं काम करतानाच हे दोन्ही तपासले तर कव्हर पुन्हा उघडावं लागत नाही.