बाल्कनीसाठी देशी झाडं: पाऊसही सोसणारी, उन्हाळाही

आमच्या रोपवाटिकेत येऊन ‘कमी पाणी लागणारं काहीतरी द्या’ म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निवडुंग असतो. मुंबईत तो उन्हाळा आरामात काढतो आणि जुलैत मुळं कुजून जातो. इथे जून ते सप्टेंबर २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. ही दोन्ही टोकं सोसणारी झाडं सह्याद्रीच्या उतारांवर वाढतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्यांना कोणी पाणी घालत नाही.

आमची पहिली शिफारस कोरांटी. थंडीत पिवळी फुलं येतात, छाटणी सोसते. काटे असतात, म्हणून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ऊन भरपूर असेल तर मोठ्या कुंडीत धायटी लावा. तिच्या लालभडक फुलांवर शिंजीर (सनबर्ड) पक्षी येतात, ते पाहण्यासाठी तरी लावाच. ग्रिलवर चढवायला कांडवेल किंवा शतावरी. शतावरी उन्हाळ्यात वाळली तर टाकून देऊ नका, पावसात कंदातून पुन्हा फुटते. सावलीकडच्या बाल्कनीत अडुळसा चालतो. कढीपत्ता तर घरोघरी असतोच. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या तर कृपा करून फवारणी करू नका, त्यांचीच फुलपाखरं होतात.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. तिलाही पाणी कमी लागतं, हवी असल्यास देतो.

रोपं लावायची ती पहिल्या पावसानंतर. कुंडीची भोकं मोकळी हवीत, आणि नुसती लाल माती भरू नका, पावसात ती घट्ट बसते. तिच्यात शेणखत, थोडी जाड रेती आणि नारळाच्या शेंड्यांचा चुरा मिसळा. पहिला उन्हाळा मात्र पाणी द्यावंच लागेल, देशी झाड असलं तरी. दोन पेरं बोट मातीत खुपसा; ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. वर वाळक्या पाचोळ्याचा थर द्या. एसीचं पाणी चालतं. आरओचं सांडपाणी रोज घालू नका, क्षार साठतात. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

रोप घ्यायला येताना सकाळी आणि दुपारी काढलेला बाल्कनीचा फोटो आणा. ऊन पाहूनच आम्ही झाड सुचवतो.