असमानुपातन: कोणता कण पात्र?

असमानुपातन ही रेडॉक्स अभिक्रिया आहे, म्हणजे तिच्यात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते: इलेक्ट्रॉन गमावले तर ऑक्सिडीकरण (अंक वाढतो), मिळवले तर क्षपण (अंक घटतो). तिच्यात एकाच मूलद्रव्याच्या, समान ऑक्सिडीकरण अंक असलेल्या काही अणूंचे ऑक्सिडीकरण होते आणि काहींचे क्षपण. थंड, विरल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये क्लोरीन सोडला, की शून्य अंकाच्या क्लोरीनपासून क्लोराइड (−१) आणि हायपोक्लोराइट (+१) तयार होतात. द्रावण गरम व संहत असेल, तर हायपोक्लोराइटऐवजी क्लोरेट (+५) मिळते.

पहिली अट उघड आहे: मूलद्रव्याचा अंक मधला हवा, म्हणजे वर चढायलाही जागा हवी आणि खाली उतरायलाही. परक्लोरेटमध्ये क्लोरीन +७ वर, सर्वोच्च अवस्थेत आहे. त्याचे असमानुपातन शक्यच नाही. हायपोक्लोराइट, क्लोराइट आणि क्लोरेट यांना मात्र दोन्ही वाटा मोकळ्या असतात.

बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि चुकतात. लोहाचा +२ आयनही शून्य आणि +३ यांच्या मधलाच, तरी पाण्यात त्याचे असमानुपातन होत नाही. खरा निर्णय विभवांचा, म्हणजे क्षपणाचा कल किती हे व्होल्टमध्ये सांगणाऱ्या आकड्यांचा. +२ पासून लोह धातूपर्यंतचे प्रमाण क्षपण विभव −०.४४ व्होल्ट, तर +३ पासून +२ पर्यंतचे +०.७७. खाली नेणारे विभव वरून आणणाऱ्यापेक्षा जास्त असेल, तरच असमानुपातन अनुकूल ठरते. इथे उलट आहे, म्हणून +३ लोह आणि लोह धातू एकत्र येऊन +२ आयन देतात. तांब्याच्या +१ आयनासाठी हीच विभवे +०.५२ आणि +०.१५ आहेत, पाण्यात तो टिकत नाही, तांबे आणि +२ आयन होतात. पण क्युप्रस क्लोराइड अविद्राव्य असल्याने त्यात हाच +१ आयन स्थिर राहतो.

त्यामुळे माध्यम न सांगता विचारलेला प्रश्न अपुराच. हिरवे मँगनेट (मँगनीज +६) तीव्र अल्कलीत टिकते. आम्ल घालताच जांभळे परमँगनेट (+७) आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइड (+४) बनते.

विभव अनुकूल असले तरी वेग वेगळाच. हायड्रोजन पेरॉक्साइड (ऑक्सिजन −१) बाटलीत बराच काळ राहते. चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकले, की फसफसून पाणी आणि ऑक्सिजन देते.

पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळवतात, ते मात्र असमानुपातन नव्हे: तिथे क्लोरीनचे क्षपण होते आणि ऑक्सिडीकरण ऑक्सिजनचे. मूलद्रव्येच दोन आहेत.